मालवणात बसून अमेरिकेची निवडणूक कशी वाचावी

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आपल्याकडे बहुतेक जण दोन माणसांची कुस्ती म्हणून बघतात. हा आला की भारताला बरं, तो आला की वाईट, एवढ्यावर गप्पा संपतात. २०२४ साली मी एकवीस वर्षांची होते. ७ मे रोजी मी लोकसभेसाठी आयुष्यातलं पहिलं मत दिलं, २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी दिलं, आणि या दोन्हींच्या मध्ये, ५ नोव्हेंबरला, अमेरिकेत मतदान झालं. ती निवडणूक मी वही-पेन घेऊन, नीट समजून घ्यायचं ठरवून पाहिली. त्यातून जी पद्धत हाताशी आली ती इथे लिहिते आहे. नुकतंच मतदार यादीत नाव आलेल्या प्रत्येकाने दुसऱ्या देशाची एक तरी निवडणूक अशी मुळापासून वाचावी असं मला मनापासून वाटतं. तिथल्या कोणाशी आपलं भांडण नसतं, जात नसते, भावकी नसते. त्यामुळे यंत्रणा कशी चालते ते स्वच्छ दिसतं, आणि मग तीच नजर घेऊन आपल्या वॉर्डाकडे वळता येतं.

आधी आपला संबंध शोधा

"थंय कोणय येवंदे, आमका काय त्याचा?" असं आमचे बाबा म्हणाले होते. प्रश्न रास्त आहे. त्याचं स्वतःपुरतं उत्तर सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी कंटाळा येईल.

मी बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते. बर्फ मासळीसाठी जातो, मासळीचा भाव ठरतो तो बऱ्याचदा निर्यातीवर, म्हणून मी कोलंबीपासून सुरुवात केली. अमेरिकेच्या संसदेने १९८९ साली एक कायदा केला. ज्या देशाच्या ट्रॉलरच्या जाळ्यांत समुद्री कासवं अडकून मरतात, त्या देशाची समुद्रात पकडलेली कोलंबी अमेरिकेने घ्यायची नाही. यावर उपाय म्हणजे टेड. जाळ्याच्या गळ्यात गजांची एक तिरकी चौकट बसवतात. सुंगटं, म्हणजे कोलंबी, गजांमधून मागच्या पिशवीत जातात, कासव मात्र चौकटीवर आपटून वरच्या किंवा खालच्या फटीतून बाहेर पडतं. आपल्या ट्रॉलरना ही चौकट नाही म्हणून २०१९ पासून भारताच्या समुद्रात पकडलेली कोलंबी अमेरिकेत जात नाही, जाते ती तळ्यात वाढवलेली. आणि २७ ऑगस्ट २०२५ ला ट्रम्प सरकारने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा फटका बसला तो त्या तळ्यातल्या कोलंबीला.

यातली महत्त्वाची गोष्ट बघा. कासवांचा कायदा संसदेने केला, तो राष्ट्राध्यक्ष बदलला तरी राहतो. आयातशुल्क राष्ट्राध्यक्षाच्या आदेशाने वाढलं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर दोन रकाने करा. एकात राष्ट्राध्यक्ष एकटा काय करू शकतो ते लिहा, दुसऱ्यात कशासाठी त्याला संसद लागते ते. तुमचा भाऊ व्हिसाची वाट बघत असेल तर व्हिसापासून सुरुवात करा. देवगडला कलमं असतील तर आंब्यापासून करा: जवळपास अठरा वर्षं बंद असलेला भारतीय आंबा अमेरिकेने २००७ साली परत घेतला, तोही विकिरण, म्हणजे कीड मारायला किरणांचा मारा, करूनच. जहाजावर कोणी असेल तर तेलाच्या निर्बंधांपासून. प्रचारातलं प्रत्येक आश्वासन या दोनपैकी कुठल्या रकान्यात बसतं ते बघायची सवय लागली की भाषणं ऐकायला वेळ कमी लागतो. बाबांना मी हे दोन रकाने दाखवले. त्यांनी कासवांचं नीट ऐकून घेतलं, कारण जाळ्यात कासव आलं की जाळी फाटते आणि ते त्यांनी स्वतः सोडवलेलं आहे.

२७० चा हिशेब

हा भाग अवघड वाटतो, पण आपल्याला तो सोपा जायला हवा, कारण आपले राष्ट्रपतीही जनतेच्या थेट मतांनी निवडून येत नाहीत. आमदार-खासदार त्यांना निवडतात आणि प्रत्येक आमदाराच्या मताला त्याच्या राज्याप्रमाणे मूल्य असतं. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५, सिक्कीमच्या आमदाराचं ७.

अमेरिकेत प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्षाला मत देणारे प्रतिनिधी, मिळतात. संसदेच्या प्रतिनिधीगृहात त्या राज्याच्या जितक्या जागा, अधिक सिनेट या दुसऱ्या सभागृहातल्या दोन. सगळे मिळून ५३८, त्यात राजधानी वॉशिंग्टनचे ३. जिंकायला २७० हवेत. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर राज्यात ज्याला सर्वांत जास्त मतं, त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर. कॅलिफोर्नियाचे ५४, टेक्ससचे ४०, फ्लोरिडाचे ३०, वायोमिंगचे ३. हे आकडे २०२० च्या जनगणनेवरून ठरले आहेत, २०२४ ला तेच होते आणि २०२८ लाही तेच राहतील, म्हणून एकदा लिहून ठेवले की काम झालं.

आता यातून काय होतं ते बघा. वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांच्या आत आहे, म्हणजे तिथे दोन लाखांहून कमी माणसांमागे एक इलेक्टर. कॅलिफोर्नियात सात लाखांहून जास्त माणसांमागे एक. शिवाय कॅलिफोर्निया कुणाकडे जाणार हे आधीच माहीत असतं, त्यामुळे तिथे कोणी प्रचाराला फार जातही नाही. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २९ लाख मतं जास्त पडली आणि त्या हरल्या. २००० साली सगळा निकाल फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर अडकला होता. मला हे अन्यायाचं वाटतं आणि ते मी इथे स्पष्ट लिहिते. माणूस कुठल्या राज्यात राहतो यावर त्याच्या मताचं वजन ठरू नये. अमेरिकेतही कित्येकांना तसंच वाटतं, पण राज्यघटना बदलायला तीन चतुर्थांश राज्यांची संमती लागते आणि छोटी राज्यं ती कशाला देतील?

२०२४ ला सगळं लक्ष सात राज्यांवर होतं: पेनसिल्व्हेनिया (१९), जॉर्जिया (१६), नॉर्थ कॅरोलायना (१६), मिशिगन (१५), अ‍ॅरिझोना (११), विस्कॉन्सिन (१०) आणि नेव्हाडा (६). सातही ट्रम्प यांनी जिंकली आणि शेवटचा आकडा झाला ट्रम्प ३१२, कमला हॅरिस २२६. देशभरातल्या मतांत फरक मात्र दीड टक्क्याच्या आसपासच होता. "दणदणीत विजय" आणि "थोडक्यात विजय" हे दोन्ही शब्द त्या दिवशी वाहिन्यांवर ऐकू येत होते, आणि कुठला आकडा हातात धरला यावर ते अवलंबून होतं. तुम्ही वहीत दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा.

एकच काउंटी निवडा

पूर्ण देशाचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवून काही कळत नाही. एक राज्य घ्या, त्यातली एक काउंटी घ्या. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग, आणि निवडणूक प्रत्यक्षात चालवतात ती काउंटीचीच लोकं. आपल्यासारखा दिल्लीहून सगळा कारभार बघणारा निवडणूक आयोग तिथे नाही. त्यांचा जो केंद्रीय निवडणूक आयोग आहे तो प्रचाराच्या पैशांचा हिशेब बघतो, मतदान केंद्रं लावत नाही. ओळखपत्र लागतं की नाही, आधीपासून मतदान करता येतं की नाही, पोस्टाने आलेली मतं कधी उघडायची, हे सगळं राज्यागणिक वेगळं.

माझी मावशी पेनसिल्व्हेनियात, ईरी सरोवराच्या काठावर ईरी नावाच्याच गावात राहते, म्हणून मी ईरी काउंटी घेतली. ती निवड चांगली ठरली. ओबामा दोनदा तिथे जिंकले, २०१६ ला ट्रम्प दोन हजारांच्या आतल्या फरकाने जिंकले, २०२० ला बायडन दीड हजारांच्या आतल्या फरकाने, २०२४ ला परत ट्रम्प. जिंकणाऱ्याबरोबर जाणारी अशी काउंटी असली की तिथल्या लोकांच्या मनात काय चाललंय ते समजून घेण्यात अर्थ असतो. कारखाने बंद पडले, पोरं बाहेर गेली, किराणा महागला. मावशी फोनवर हेच सांगायची. अंडी आणि घरभाडं या दोन गोष्टी तिच्या बोलण्यात सारख्या यायच्या, परराष्ट्र धोरण कधीच नाही.

तुमचं तिथे कोणी नसलं तरी बिघडत नाही. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर मतदानाच्या आधी नमुना मतपत्रिका लावलेली असते, ती कोणीही उघडून बघू शकतं. ती जरूर बघा. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातली सर्वांत शिकवणारी गोष्ट तीच.

मतपत्रिका जवळून

मावशी पोस्टाने मत देते. नमुना मतपत्रिका समोर ठेवून तिने मला व्हिडिओ कॉलवर सगळं समजावलं. जाड कागद, प्रत्येक नावाशेजारी एक लंबगोल, काळ्या किंवा निळ्या पेनाने तो पूर्ण भरायचा. आपल्या स्पर्धा परीक्षांच्या उत्तरपत्रिकेत भरतो तसाच. सर्वांत वर राष्ट्राध्यक्षपद. तिथे चार जोड्या होत्या, डेमोक्रॅटिक पक्षाचे हॅरिस-वॉल्झ आणि रिपब्लिकन पक्षाचे ट्रम्प-व्हान्स यांच्या खेरीज ग्रीन आणि लिबर्टेरियन पक्षाची एकेक जोडी. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांना मिळून एकच लंबगोल, एकाला हा आणि दुसऱ्याला तो असं करता येत नाही.

मी समजत होते की झालं मतदान. पण खाली यादी सुरूच. सिनेटर. मग राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य वकील, तोही लोकांनी निवडायचा. ऑडिटर जनरल, म्हणजे राज्याचे हिशेब तपासणारा. ट्रेझरर, म्हणजे तिजोरी सांभाळणारा. मग संसदेच्या प्रतिनिधीगृहाचा सदस्य, राज्याच्या सिनेटचा सदस्य, राज्याच्या विधानसभेचा सदस्य. एका कागदावर आठ पदं. आणि न्यायाधीश, शाळेच्या मंडळाचे सदस्य, काउंटीचा कारभारी हे वेगळेच. पेनसिल्व्हेनियात त्यांची निवडणूक विषम वर्षांत होते.

भरलेला कागद आधी एका आतल्या पाकिटात घालायचा. त्या पाकिटावर नाव नाही, खूण नाही, काही नाही, कारण मत गुप्त राहायला हवं. ते पाकीट बाहेरच्या पाकिटात. बाहेरच्यावर सही आणि तारीख. आतलं पाकीट विसरलं तर मत बाद. मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत ते काउंटीच्या कार्यालयात पोचलं नाही तरी बाद. पोस्टाचा शिक्का आधीचा असून चालत नाही. मावशी स्वतः जाऊन कार्यालयात देऊन आली.

तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, एकोणीस वर्षांचा. त्याचंही पहिलंच मत. तो रांगेत उभा राहून देऊन आला. त्याला सुट्टी नव्हती, कारण मतदानाचा मंगळवार तिथे देशभर सुट्टीचा नसतो. मंगळवार ठरला १८४५ साली, शेतकऱ्यांचा देश असताना. रविवार चर्चचा, मग घोडागाडीने तालुक्याच्या गावाला जायला एक दिवस, आणि बुधवारी बाजार. ती सोय आता कोणाच्या कामाची नाही पण वार तोच राहिला. आपल्याकडे मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी कायद्याने आहे, हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याला हेवा वाटला. मला हेवा वाटला तो त्याच्या आठ पदांचा. मी मेमध्ये एक बटण दाबलं, सात सेकंद काचेमागे चिठ्ठी दिसली, बीप वाजला आणि मी बाहेर आले.

वयाबद्दल एक नोंद तुमच्या वहीत असू द्या. अमेरिकेत मतदानाचं वय २१ वरून १८ झालं ते १९७१ साली, व्हिएतनाम युद्ध चालू असताना. लढायला पाठवता येतं तर मत का देता येत नाही, हा मुलांचा प्रश्न होता. आपल्याकडे ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ साली १८ झालं. बाबा त्याआधी एकविसाव्या वर्षाची वाट बघत बसले होते. हा हक्क आपल्याला आयता मिळालाय, पण तो कुणीतरी मागून घेतलेला आहे.

बुधवारी सकाळी काय करायचं

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे करतात. २०२४ ला तो रविवार नेमका आपल्या भाऊबीजेचा होता. त्यानंतर न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. हे एकदा लक्षात ठेवलं की वेळापत्रक सोपं आहे. मंगळवारी रात्री शांत झोपा. रात्रभर जागून काहीही मिळत नाही, तेव्हा तिथे मतदानच चालू असतं. बुधवारी पहाटे उठा. आपल्या घड्याळाप्रमाणे जॉर्जियात मतदान साडेपाचला संपतं, नॉर्थ कॅरोलायनात सहाला, पेनसिल्व्हेनियात साडेसहाला, विस्कॉन्सिन आणि अ‍ॅरिझोनात साडेसातला, नेव्हाडात साडेआठला, कॅलिफोर्नियात साडेनऊला.

साडेसहाच्या आधी जी राज्यं नकाशावर लगेच लाल (रिपब्लिकन) किंवा निळी (डेमोक्रॅटिक) होतात त्यांना महत्त्व देऊ नका. ती आधीच ठरलेली असतात. तोवर चहा घ्या, फराळाचं काही उरलं असेल तर खा.

मोजणी वाचायची युक्ती आपल्या लोकांना शिकवावी लागत नाही. आपल्याकडे फेरीनिहाय मोजणी होते तेव्हा नाक्यावर बसलेला माणूस सांगतो, "ह्या फेरीत अमक्याची गावां हत, त्याचो लीड दिसतलो, पुढच्या फेरीत तुटतलो." तेच डोकं तिथे वापरा. लहान गावांच्या काउंट्या लवकर मोजून होतात आणि त्या बहुतेक रिपब्लिकन असतात. फिलाडेल्फियासारखी मोठी शहरं उशिरा येतात आणि ती डेमोक्रॅटिक असतात. त्यात पेनसिल्व्हेनियात पोस्टाची पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडायची परवानगी नाही, म्हणून ती मोजणी मागे पडते. आपल्याकडे उलट, टपाली मतं सकाळी आठला सर्वांत आधी घेतात. २०२० ला पेनसिल्व्हेनियात मतदानाच्या रात्री ट्रम्प लाखोंनी पुढे होते आणि शुक्रवारी सकाळी बायडन पुढे गेले, शेवटी सुमारे ८१ हजारांनी जिंकले. यात चोरी काही नव्हती, पाकिटं उघडायला लागलेला वेळ होता. पण "रात्रीत मतं आली कुठून" हा मेसेज आपल्या गावातल्या ग्रुपवरही फिरला. म्हणून राज्याचा नियम आधी वाचून ठेवा, म्हणजे आकडा पलटला तर तो का पलटला ते सांगता येईल.

कोण पुढे आहे एवढंच बघू नका. तुमच्या काउंटीत मागच्या वेळी किती फरक होता आणि आता किती आहे ते बघा. मी वहीत ईरीचे २०१६ आणि २०२० चे आकडे लिहून तिसरा रकाना रिकामा ठेवला होता. तिसरा भरत गेला तसं दिसायला लागलं की गेल्या वेळी जे बायडन यांच्याकडे होतं ते सरकतंय. ईरीत सरकलं तर तशाच इतर काउंट्यांत, उदाहरणार्थ नॉर्थहॅम्प्टनमध्येही सरकणार, हा अंदाज बांधता येतो आणि तो तसाच निघाला.

निकाल "जाहीर" कोण करतं? तिथे त्या रात्री सरकारी घोषणा होतच नाही. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १८४८ पासून हे काम करते. गणिताने मागच्याला गाठणं अशक्य झालं की ती राज्य कोणाचं ते सांगते. २०२४ ला पेनसिल्व्हेनिया आपल्याकडे दुपारी एकच्या सुमाराला ट्रम्प यांच्याकडे गेलं आणि दुपारी चारच्या सुमाराला विस्कॉन्सिनबरोबर २७० पूर्ण झाले. मी तेव्हा कारखान्यात होते. लाद्या फोडायच्या यंत्राच्या आवाजात फोन ऐकू आला नाही, मावशीचा मेसेज नंतर वाचला. तिने फक्त "झालं" असं लिहिलं होतं. तिने मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

नंतरचे अडीच महिने सोडू नका

इथे सगळे टीव्ही बंद करतात आणि खरी परीक्षा तर पुढे असते. काउंट्या मोजणी प्रमाणित करतात, मग राज्यं करतात. १७ डिसेंबर २०२४ ला इलेक्टरनी आपापल्या राज्यात मतं दिली. ६ जानेवारी २०२५ ला संसदेत ती मोजली. २० जानेवारीला शपथ.

६ जानेवारीची मोजणी उपराष्ट्राध्यक्षाच्या अध्यक्षतेखाली होते. २०२५ ला ती खुर्ची कमला हॅरिस यांची होती. एकेका राज्याचे आकडे वाचले जात होते आणि शेवटी त्यांनी स्वतः ३१२ आणि २२६ हे आकडे वाचून दाखवले, म्हणजे स्वतःचा पराभव स्वतः जाहीर केला. २००० ची निवडणूक हरलेले तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनाही २००१ साली तेच करावं लागलं होतं. आणि या दोघांच्या मध्ये, ६ जानेवारी २०२१ ला, पराभव मान्य नसलेला जमाव त्याच इमारतीत घुसला होता. हा भाग मुद्दाम बघा, चित्रफीत सहज मिळते. हरलेल्या माणसाने कागद हातात घेऊन शांतपणे आकडे वाचणं मला प्रचारातल्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त भिडलं. कोणाला ते औपचारिक वाटेल. मला वाटत नाही.

आता तीच वही आपल्याकडे वळवा

अमेरिकेतली एक गोष्ट मला खूप लागली. तिथे तारीख हलत नाही. १८६४ साली देशात यादवी युद्ध चालू होतं, तरी निवडणूक वेळेवर झाली. आणि आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक. नगरपरिषदेतही तेच. रस्ता, पाणी, कचरा, प्राथमिक शाळा यांच्याशी रोज संबंध येतो, आणि तिथे मी मत दिलेला एकही माणूस नव्हता. अठरा पूर्ण होऊन कित्येक वर्षं झालेल्या मुलांनी गावच्या कारभारासाठी मत दिलेलं नव्हतं. ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचनेचे वाद न्यायालयात होते हे खरं, पण एवढा काळ हे रखडावं आणि आपल्याला त्याची चीड येऊ नये, हे बरोबर नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं आणि २ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदांसाठी मतदान झालं. त्या दिवशी पहिल्यांदा मला नगराध्यक्षासाठी वेगळं आणि प्रभागातल्या सदस्यांसाठी वेगळं मत देता आलं. मावसभावाच्या मतपत्रिकेची आठवण झालीच.

मग करायचं काय? विधानसभेच्या निकालाचा फॉर्म २० काढा. महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघनिहाय तो मिळतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्राची एक ओळ असते: कुठल्या उमेदवाराला किती, नोटाला किती, एकूण किती. आपलं केंद्र कुठलं ते मतदार यादीतल्या भाग क्रमांकावरून शोधा. लोकसभेचाही फॉर्म २० घ्या आणि ईरीसाठी केलेत तसेच दोन रकाने करा. मे आणि नोव्हेंबर यांच्या मध्ये आपल्या केंद्रावर काय सरकलं? मध्ये २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला होता, त्यावर महिनाभर गाव पेटलेलं होतं. त्याचा मतांवर काय परिणाम झाला हे जो तो छातीठोकपणे सांगतो. तुम्ही तुमच्या केंद्राची ओळ बघून मग बोला. एकूण मतांचा रकानाही नीट बघा. मेमध्ये सुट्टीला आलेले चाकरमानी गावात असतात, नोव्हेंबरमध्ये मतदानासाठी मुंबईहून खास यावं लागतं.

सराव करायचा असेल तर २०२८ पर्यंत थांबायची गरज नाही. ३ नोव्हेंबर २०२६ ला अमेरिकेत मधल्या निवडणुका आहेत, प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश. राष्ट्राध्यक्ष नसल्यामुळे आपल्याकडे कोणी फारसं बघणार नाही, पण पहिल्या पानावरचा संसदेचा रकाना तिथेच ठरतो. राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान ७ नोव्हेंबर २०२८ ला, मंगळवारी. घड्याळाचा फरक दोन्ही वेळा साडेदहा तासांचाच असेल.

आणि तुमचं किंवा घरातल्या कोणाचं नाव यादीत नसेल तर फॉर्म ६ आजच भरा. आता १ जानेवारीचीच वाट बघावी लागत नाही, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखांनाही अठरा पूर्ण झालेले चालतात. ऑनलाइन जमलं नाही तर आपल्या भागाच्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, द्या, बहुतेक ठिकाणी त्या अंगणवाडी सेविका किंवा शिक्षिका असतात. जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा, एक फोटो, एवढं लागतं. पोच घ्यायला विसरू नका, तिच्यावरच्या क्रमांकाने अर्ज कुठवर आला ते बघता येतं.